मस्ती कुणाची, वेळापत्रकाची की मुलांची? बालवाडीताईंनो, या चुका टाळा

खाऊच्या आधी हात धुवायचे. मुलं पंचवीस, नळ एक. पहिल्या पाचांचं होईपर्यंत उरलेल्या रांगेत कुणी पुढचीची वेणी ओढतं, कुणी ढकलतं, आणि आपण ओरडतो, ‘‘हाताची घडी, तोंडावर बोट!’’ साडेतीन वर्षांच्या मुलाला नुसतं ताटकळत उभं राहणं जमत नाही. तेव्हा पाच-पाच जणांना पाठवा, बाकीची मदतनीसताईंबरोबर बडबडगीत म्हणू देत. भांडण रोज ठरावीक वेळीच होतंय का, हे आठवडाभर वहीत टिपून बघा. खोड बहुतेकदा वेळापत्रकात सापडते.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी या गावी काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. मुलांना बदलायच्या आधी त्यांनी शाळा बदलली. आपल्याला तर फक्त रांग बदलायची आहे.

‘पळू नको’, ‘सांडू नको’. आपल्या मराठीत ‘नको’ शेवटी येतं, तोवर पोर पळालेलं असतं. शिवाय पळायचं नाही तर काय करायचं, हे कुणी सांगतच नाही. ‘हळू चाल’, ‘पेला दोन्ही हातांनी धर’ असं सांगा. ‘नीट बस’पेक्षा ‘मांडी घाल’ बरं. वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारू नका. जवळ जाऊन, उकिडवं बसून, नाव घेऊन एकच गोष्ट सांगा आणि मनात पाच आकडे मोजा. लगेच दुसऱ्यांदा सांगितलं की पहिलं सांगणं वाया.

आणखी एक फजिती आपण स्वतःच ओढवून घेतो. ‘‘खेळणी आवरायची का?’’ असं विचारतो, आणि ‘‘नाही’’ म्हटलं की रागावतो! नकार चालणार नसेल तर विचारू नका. ‘‘आधी ठोकळे उचलायचे की बाहुल्या?’’ हा प्रश्न चालतो.

चावणाऱ्या मुलाला ‘कळावं म्हणून’ उलट चावणं किंवा त्याच्याकडून ‘सॉरी’ वदवून घेणं, दोन्ही निरुपयोगी. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा, जागा साबणाने धुवा. मग चावणाऱ्याला थोडक्यात सांगा, ‘‘चावलं की दुखतं. गाडी हवी तर ‘मला दे’ म्हण.’’ आणि लगेच म्हणायला लावा, कारण त्या वयात बऱ्याचदा शब्द कमी पडतात म्हणून दात पुढे येतात. लाडकी गाडी एकच असेल तर तशीच दुसरी आणा. दोन्ही घरी कळवा; कोण चावलं ते मात्र ज्याला चावलं त्याच्या घरी सांगू नका.

‘शहाणं बाळ’ म्हणून चांदण्या चिकटवणं मला पटत नाही. त्याच चौघांना त्या मिळतात आणि दिवाळीपर्यंत बाकीच्यांना आपण वांड आहोत हे पाठ होतं. ‘‘तू तिला ठोकळा दिलास, तिचा मनोरा पूर्ण झाला,’’ एवढं बोललं तरी पुरे.

एखादं मूल सतत ‘ऐकतच नाही’ असं वाटलं, तर त्याच्या घरी अहिराणी, पावरी की हिंदी बोलतात ते विचारा. पाठीमागून हाक मारल्यावर ते वळतं का, तेही बघा. वळत नसेल तर कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते यायच्या आधी या मुलाचं नाव वहीत लिहून ठेवा.