जॉब कोमट का लागला?

टर्नरचा दोन वर्षांचा आयटीआय करून मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर, लागलो. दार उघडायचं, जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, चकात (मशीनच्या पकडीत) लावायचा, सायकल स्टार्ट, काढला की एअर मारून मोजायचा. शिफ्टभर हेच. आज त्याच शॉपमध्ये दोन लेथच्या मधोमध रोबो उभा आहे. कायम कामगार दुसऱ्या लाइनवर गेले, कंत्राटी पोरांना मुदत संपल्यावर पुन्हा बोलावलंच नाही. त्यातले दोघे माझ्या हाताखाली शिकलेले होते, ते अजून मनाला लागतं. म्हणून नव्यांना स्पष्टच सांगतो: नुसतं जॉब लावणं-काढणं येत असेल, तर त्या कामावर विसंबू नका.

आता रोबो जॉब गेजवर ठेवतो, गेज साइज वाचतो आणि मशीन स्वतःच ऑफसेट, म्हणजे टूल किती आत-बाहेर जायचं तो आकडा, बदलते. इन्सर्ट, म्हणजे टूलचा कापणारा तुकडा, झिजला की जॉबचा बाहेरचा व्यास वाढतो, म्हणून ऑफसेट मायनस. एका शिफ्टला स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. ट्रेमधला जॉब सहज उचलला, तर कोमट लागला. १०० मिलिमीटर व्यासाचं पोलाद १० अंशांनी तापलं तर साधारण ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. गेजला ती इन्सर्टची झीज वाटत होती आणि मशीन मायनस देत सुटली होती. गार झालेले जॉब मायक्रोमीटरवर घेतले, तर अंडरसाइज, हव्या मापापेक्षा लहान. जॉब गार ठेवणाऱ्या कूलंटचा फिल्टर चोंदला होता. रोबो आणि लेथचा सगळा सेल थांबवला, ट्रे बाजूला काढला आणि एकेक जॉब पुन्हा मोजला.

तपासणीला एआयचा कॅमेराही आलाय. डोळा थकतो, तो थकत नाही, हे खरंच. पण सुरुवातीला तेलाचा थेंब त्याला ओरखडा वाटायचा. कुठला जॉब खरंच खराब, हे त्याला आमच्याच इन्स्पेक्टरने शेकडो फोटो निवडून दाखवलं.

त्यामुळे पहिल्या वर्षात मायक्रोमीटर आणि आतला व्यास मोजणारं बोअर गेज हातात बसू द्या. मशीन लावून देणारा सेटर चकाचे जॉ बदलायला, झिरो (मोजणीचा आरंभबिंदू) घ्यायला आला की चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा. मशीनला हालचाली सांगणारा जी-कोड वाचता आला पाहिजे. प्रोग्राम सॉफ्टवेअरने काढला तरी टूल कुठे आदळेल हे मशीनपाशी उभ्या माणसालाच आधी दिसतं. त्यानंतर रोबोचं टीचिंग, म्हणजे त्याला जागा दाखवून देणं, शिका, जॉब धरणाऱ्या ग्रिपरची पोझिशन सरकली की हाक ऑपरेटरलाच येते. कोर्स करायचा असेल तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करा. आणि अप्रेंटिसशिपमध्ये स्टायपेंड शंभर-दोनशे रुपयांनी कमी असला तरी चालेल, पण सेटिंगला हात लावू देतात का, हे आधी विचारा.