कापशीची झेप टिपायची तर

शिकारी पक्ष्याची शिकार कॅमेऱ्यात सापडणं हा बराचसा योगायोग असतो. पण झेप सुरू होऊन संपेपर्यंत जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात सेटिंग बदलणं कुणालाच जमत नाही. म्हणून माळावर पाऊल ठेवण्याआधीच कॅमेरा शिकारीसाठी लावून ठेवायचा. बसलेल्या पक्ष्याचे फोटो त्याच सेटिंगवर काढले तरी काही बिघडत नाही.

नवख्यांनी सुरुवात कापशीपासून, म्हणजे लाल डोळ्यांच्या लहानशा राखाडी-पांढऱ्या घारीपासून (ब्लॅक-विंग्ड काइट) करावी, हे आमचं ठाम मत. शिक्रा झाडीच्या आडून येतो आणि कळायच्या आत सरडा उचलून जातो. ससाण्याचा वेग सरावलेल्या हातालाही झेपत नाही. कापशी मात्र पुणे जिल्ह्यातल्या सासवड-कडबनवाडीच्या माळांवर, भिगवणकडच्या शेतांत, अगदी गावाबाहेरच्या पडीक रानातही वर्षभर दिसते. शिवाय उंदरावर किंवा नाकतोड्यावर पडण्याआधी ती हवेत एका जागी पंख मारत थांबते. तयारीला एवढा वेळ दुसरे फार थोडे शिकारी पक्षी देतात.

हवेत थांबताना तिचं तोंड वाऱ्याकडे असतं. उभं कुठे राहायचं हे त्यावरून ठरवा. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीकडून आले तर तिचा चेहरा, लाल डोळे आणि पंजे समोरून मिळतात. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणून तेव्हा सकाळ साधावी. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, म्हणून उघडीप मिळालेली संध्याकाळ उत्तम. हे जुळलं नाही तर लेन्स कितीही महाग असो, पाठमोरी कापशीच हाती लागते.

आता सेटिंग. शटर १/२५०० ते १/३२०० सेकंद. थांबलेल्या कापशीला १/१६०० चालतं, पण खाली झेपावताना पंखांची टोकं पुसट होतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ६.३. सूर्य उगवून तासभर झाला असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००च्या आसपास, कडक उन्हात ४०० ते ५००. हे सगळं मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर ठेवलं की गडबड होते: पक्षी उजळ आकाशासमोर असताना काळा पडतो आणि गवतात उतरला की कॅमेरा गडद पार्श्वभूमी बघून फोटो उजळवतो, मग कापशीची पांढरी छाती पार जळते. तिच्या अंगावरचा उजेड मात्र वर-खाली तोच असतो. चाचणी फोटो कापशीचाच घ्या आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकत असेल तर उजेड एक तृतीयांश स्टॉपने, म्हणजे एका टप्प्याने, उतरवा.

फोकस सलग, म्हणजे एएफ-सी किंवा एआय सर्व्हो. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण) असेल तर जवळचं अंतर बंद करा, नाहीतर एकदा पक्षी निसटला की फोकस पार जवळ जाऊन परत येईपर्यंत शिकार संपलेली असते. पाचशे मिलीमीटरची लेन्स आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर तीस मीटरवरची कापशी पंख पसरून फ्रेमची साधारण दोन पंचमांश रुंदी भरते. तेवढी मोकळी फ्रेमच बरी. झूम ताणून भरून काढायला गेलात की झेपेच्या पहिल्याच क्षणी पक्षी फ्रेमबाहेर जातो.

सर्वांत जास्त फोटो वाया जातात ते बटण लवकर दाबल्यामुळे. कापशी थांबली रे थांबली की नवखा माणूस धडाधड फोटो घेतो, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि ती खाली पडते तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. थोडं थांबा. ती आधी टप्प्याटप्प्याने खाली येते, दर टप्प्याला पुन्हा थांबते, पाय खाली सोडते. पंख पाठीवर उंच उभे धरले की समजा ती निघाली. बोट तेव्हा दाबायचं, तोवर नुसता फोकस धरून ठेवायचा.

मेकॅनिकल शटर असेल तर तेच वापरा. बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फडफडते पंख वाकडे येतात. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबचा फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट पडतो, त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही.

झेप हुकली तर जागा सोडू नका. कापशीचेही अनेक प्रयत्न फसतात आणि पुष्कळदा ती त्याच तारेवर किंवा बाभळीवर परत येते. शिकार मिळाली तरी खायला तिथेच येऊन बसू शकते. तिच्याकडे सरळ चालत जाऊ नका. गाडीतूनच, इंजिन बंद करून, दाराच्या काचेवर बीनबॅग ठेवून फोटो काढा आणि गाडी रस्त्यावरच राहू द्या. गवतात टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, चाकाखाली ती दिसतही नाहीत. आमिष म्हणून उंदीर सोडून कापशीला बोलावणं आम्हाला अजिबात मान्य नाही. अशा फोटोत झेप दिसते, पण ती शिकार तिची नसते. घरट्यात काड्या नेणारी जोडी दिसली तर त्या झाडाजवळ थांबू नका, आणि फोटो टाकताना गावाचं नावही देऊ नका.