टर्बो तेल फेकतोय? कोर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी निळा धूर सोडते, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये तेल साचतं, ऑइल सारखं वर घालावं लागतं. धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुठल्याही गॅरेजात निदान एकच: "टर्बो गया भाऊ." मग टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) उतरतो, नवा कोर (शाफ्ट, बेअरिंग आणि पात्यांचा मधला गाभा) बसतो आणि थोड्याच दिवसांत तीच गाडी तोच धूर घेऊन दारात हजर. शिव्या कोर विकणाऱ्याला.

मुळात टर्बोच्या शाफ्टला इंजिनासारखं रबरी ऑइल सील नसतं. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या एकट्या तेल अडवू शकत नाहीत. बाहेरून हवेचा आणि एक्झॉस्टचा दाब असतो, आणि आतलं तेल लगेच खाली उतरून जातं, म्हणून ते बाहेर येत नाही. यातलं काहीही बिघडलं की नवाकोरा टर्बोसुद्धा तेल फेकणारच.

रिटर्न पाइपाकडे न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फीड पाइपातून तेल पंपाच्या दाबाने येतं, पण परत जाताना त्याला ढकलणारं कोणी नसतं. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या शाफ्टमधून ते फेसाळून बाहेर पडतं आणि स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) उतरतं. म्हणून रिटर्न पाइप फीडच्या मानाने एवढा जाड असतो. त्याला सलग उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला, पाइप मुरगळला किंवा जुगाडात वर उचलला गेला की तेल मागे तुंबतं आणि रिंगांतून वाट काढतं.

जुगाडाचा नेहमीचा प्रकार म्हणजे मूळ पाइप फुटला की रेडिएटरच्या होजचा तुकडा दोन क्लिपा मारून बसवायचा. ते रबर पाण्यासाठी असतं. गरम तेलाने ते आतून फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि भोक निम्मं होतं. बाहेरून हात फिरवला तर काहीच कळत नाही. काढून उजेडाकडे धरून आरपार बघा.

दुसरा प्रकार सिलिकॉनचा. रिटर्नच्या फ्लँजवर पॅकिंग असताना वरून सिलिकॉनचा जाड थर देतात. बोल्ट आवळले की तो दाबला जाऊन आतल्या बाजूला ओठासारखा लोंबतो. फीडच्या बाजूला तर त्याचा तुकडा सुटून थेट बेअरिंगच्या भोकात अडकतो. म्हणून टर्बोच्या तेलाच्या जोडांवर सिलिकॉन लावूच नका. नवं पॅकिंग, बँजो बोल्टला (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) नवे तांब्याचे वॉशर, बस्स.

पाइप स्वच्छ निघाला तर ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) तपासा. ब्रीदर चोंदला किंवा इंजिनच कॉम्प्रेशन खाली सोडत असलं, तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि रिटर्नचं तेल उतरत नाही. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण नुसतं उलटं ठेवा. जोराने उडालं तर पैसे टर्बोवर घालू नका, दोष इंजिनात आहे. डीपस्टिकही पाहा. "जास्त असलं तर बरंच" म्हणून खुणेच्या वर भरलेलं ऑइलसुद्धा रिटर्नचं तोंड बुडवतं.

घाट चढून लगेच चावी बंद

सुरतेकडून माल भरून आलेली गाडी विसरवाडीहून कोंडाईबारी घाट चढते आणि वर आल्या आल्या चहाला थांबते. चावी फिरवली की तेल बंद, पण तापलेल्या एक्झॉस्ट हाउसिंगची उष्णता शाफ्टकडे येतच राहते. बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो. वर मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन! इंजिन दोन मिनिटं आयडलवर ठेवा. मात्र जिनिंगच्या रांगेत तासन्‌तास आयडलवर ठेवणंही चूकच. तेव्हा टर्बोत दाब नसतो आणि तेल एक्झॉस्टकडे पाझरतं.

जुनाच फीड पाइप परत बसवणं

तो कोळसा फीड पाइपातही जमतो. बाहेरून पाइप चकाचक, आत काडीसुद्धा जाईना. हवा मारून निघत नाही. कोर बदलला की पाइपही नवाच टाका. काही गाड्यांत बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती विसरू नका. आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. बीएस-६ डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, जुन्या गाडीसाठी आणलेलं डबडं त्यात रिकामं करू नका.

एअर फिल्टरचं थोडक्यात. कापसाच्या हंगामात तो धूळ आणि कापसाच्या तुसाने भरतो, आणि चोंदलेल्या फिल्टरमागे कॉम्प्रेसर (टर्बोची हवा ओढणारी बाजू) तेल ओढून घेतो. टायरवर आपटून काढण्यापेक्षा बदला. कागद फाटला तर धूळ थेट पात्यांवर.

नवा टर्बो कोरडा सुरू करणं

फीड जोडण्याआधी भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट हाताने फिरवा. मग इंजिन सुरू न होऊ देता (जुन्या पंपाला स्टॉप केबल ओढून) ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा. सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. कोरडा शाफ्ट आडवा थोडा हलला तर घाबरायचं कारण नाही, तो तेलावरच तरंगणार आहे. पुढे-मागे सरकत असेल किंवा पातं हाउसिंगला घासत असेल तर मात्र कोर परत करा. होजमध्ये तेलाचा नुसता ओशटपणा असणंही बहुतेक गाड्यांत ब्रीदरमुळे चालतं.

इंटरकूलर मात्र उतरवून धुवाच. जुन्या टर्बोने फेकलेलं तेल त्यात साचून राहतं, आणि रेस दिली की डिझेल इंजिन तेच तेल जाळून बेफाम पळत सुटतं. तेव्हा चावी बंद करून उपयोग नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. नाहीतर हवेचं तोंड जाड फळीने झाका. तिथे हात किंवा फडकं कधीच लावू नका, आत ओढलं जातं.