पोटुशी असताना मन खचलं तर बोलून उपचार कसे घ्यायचे

मला पाचव्या महिन्यात सुरू झालं. सासर अमळनेरजवळ, एप्रिलचं ऊन, सासूबाई कौतुकानं कळण्याची भाकरी अन् ठेचा समोर ठेवायच्या आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, रात्रभर पंख्याकडे बघत पडायचं. सगळ्या म्हणायच्या पोटुशीला होतंच असं. थकवा, उलट्या होतात हो, पण रोज दिवसभर उदास, कशातच मन नाही, सारखा स्वतःलाच दोष, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डिप्रेशन असू शकतं, अंगावर काढू नका.

आधी तुमच्या तपासणीच्या डॉक्टरांना सांगा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथंही चालेल. तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागदावर लिहून द्या, मी तेच केलं, तीन ओळी: झोप नाही, रडू येतं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पण बघायला सांगा, त्यानंही माणूस असंच गळतं. मग काउन्सेलरकडे किंवा मानसोपचाराच्या ओपीडीला चिठ्ठी मागा. जाणं जमतच नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलतात.

पहिल्या बैठकीत मी नुसती रडले, चालतं ते. अहिराणीतच सुचत असेल तर तसंच बोला, "माले काहीच गोड लागत नही" म्हटल्यावर काउन्सेलर ताईंना बरोबर कळलं. ही थेरपी म्हणजे उपदेश नाही. साधारण आठवड्याला एक बैठक, 8 ते 16 वेळा, आणि घरी करायचं काम. सीबीटी म्हणून एक प्रकार आहे, त्यात मनात येणारा विचार पकडून तपासायचा. माझा होता "मी वाईट आई होणार". ताईंनी वहीत दोन रकाने करायला लावले, एकात हे खरं कशावरून, दुसऱ्यात खोटं कशावरून. पहिल्यात लिहायला काहीच सापडेना, दुसऱ्यात मात्र लोहाच्या गोळ्या न चुकता घेते, दर तपासणीला जाते असं निघत गेलं. दुसरं काम छोटं होतं, ऊन चढायच्या आत दहा मिनिटं गल्लीत चालायचं, मन असो नसो. आयपीटी म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात नात्यांतले ताण आणि आई होण्याचा बदल यावर बोलतात, घरात खटके असतील तर त्याबद्दल विचारा.

एका बैठकीला नवऱ्याला नक्की न्या, घरच्यांना ताईंनी सांगितलेलं पटतं, आपलं नाही.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर सोबत गोळ्या देतील, आणि आधीपासून चालू असतील तर गरोदर आहे म्हणून परस्पर बंद करू नका. जीव द्यावासा वाटला तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही, लगेच कुणाला तरी जवळ बसवा, 14416 लावा नाहीतर 108 बोलवा.

आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात आणि थेरपी तिथंच तुटते, बाळंतपणानंतर तर तिची जास्तच गरज लागू शकते, म्हणून निघायच्या आधीच फोनवरच्या बैठका ठरवून घ्या. मी शिरपूरला आईकडे गेले तेव्हा दर गुरुवारी दुपारी सगळे झोपले की गच्चीच्या जिन्यात बसून बोलायचे, वही मांडीवर, आणि आई खालीच बसायची, कुणी वर येऊ नये म्हणून.