संगीत नाटकात गायिका-अभिनेत्री म्हणून उभं राहायचं असेल तर

गाणं येणाऱ्या आणि नाटकाची हौस असणाऱ्या मुली हल्ली खूप दिसतात. कुणी विशारद झालेली असते, कुणी कॉलेजात एकांकिका गाजवलेल्या असतात, आणि तरीही संगीत नाटकाची तालीम सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात अडकतात, कारण गाणं एका क्लासला शिकलं, अभिनय दुसऱ्या शिबिरात, आणि दोघांची गाठ कुणी घालूनच दिली नाही. माझं ठाम मत आहे की पद, म्हणजे नाटकातलं गाणं, आणि त्याच्या आधीचा संवाद पहिल्या दिवसापासून एकत्र बसवायचा. ऑडिशन, सिरियल, सिनेमा, पैसे हे सगळं त्याच्या मागून येतं.

आधी आवाजाचं बघू. गुरू लागतोच, यूट्यूबवरून पद उचलून काम भागत नाही. यमन, भीमपलास, बिहाग, बागेश्री, खमाज, पिलू, भैरवी एवढे तरी राग हाताशी हवेत, कारण जुन्या पदांपैकी बरीच याच घरांतली आहेत. पण ख्याल अर्धा तास रंगवता येतो म्हणून नाट्यपद येईलच असं नाही. बालगंधर्वांच्या काळात प्रेक्षक रात्रभर बसायचे, वन्समोअरवर वन्समोअर व्हायचे, आज अडीच-तीन तासांत पडदा पडतो आणि पदाला चार-पाच मिनिटं मिळतात. त्यामुळे पहिल्या ओळीतच राग दिसायला हवा आणि तान छोटी, पण मुखड्यावर नेमकी येणारी हवी. रोजच्या रियाजात अशा छोट्या ताना तीनताल, एकताल, दादरा, केरवा सगळ्यांत करून बघा.

पट्टी ठरवताना एक काळजी घ्या. सकाळी ताज्या गळ्याने काळी पाच (हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून) सहज लागते म्हणून तीच धरू नका. रात्री तिसऱ्या अंकात, रडण्याओरडण्याचे संवाद म्हणून झाल्यावर जी पट्टी आरामात लागते ती तुमची खरी पट्टी, मग ती काळी चार असली तरी हरकत नाही. द्वंद्वगीत असेल तर समोरचा गायक नट काळी एकवाला असणार, तेव्हा तालमीच्या सुरुवातीलाच दोघांनी ऑर्गनवाल्यांबरोबर बसून काय करायचं ते ठरवून टाका, ऐनवेळी ओढाताण झाली की दोघांचीही पदं पडतात.

आता मुख्य गोष्ट. किर्लोस्करांच्या सौभद्र नाटकातलं (1882) सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण' घ्या. भाऊ तिचं लग्न दुर्योधनाशी लावून द्यायला निघालाय, मन अर्जुनात अडकलंय, आणि आता कुणाकडे जाऊ असं ती विचारते. बहुतेक मुली हे पद प्रेक्षकांकडे बघून, हात जोडून, डोळे मिटून गातात, ऐकायला छान वाटतं पण नाटक तिथेच थांबतं. ध्रुवपदातच 'अग सखये' आलंय की! म्हणजे ती शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीशी बोलतेय. 'वद' हा शब्द त्या मैत्रिणीच्या डोळ्यात बघून, उत्तर हवंय म्हणून आला पाहिजे.

हे बसवायचं कसं, तर आधी पदाच्या अगोदरची पाच-सहा वाक्यं पाठ करा. मग पदाचे शब्द चाल पूर्ण विसरून साधं बोला, घरातल्या कुणाला तरी समोर बसवून बोला, कुठला शब्द आपोआप जोरात येतोय, कुठे श्वास घ्यावासा वाटतोय ते पेन्सिलने खुणा करून ठेवा. तिसऱ्या फेरीत तेच शब्द नुसत्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, म्हणा. आणि मग चालीत गा, पण खुणा केलेल्या जागा सोडू नका, आलाप किंवा हरकत घ्यायचीच तर त्या खुणेवर घ्या. 'शरण'वर हरकत घेतली तर तिची अगतिकता वाढते, नुसतीच 'कुणाला'वर पाच वेळा फिरत बसलात तर लोकांना फक्त गळा ऐकू येतो. अंतरा संपला की लगेच संवाद येतो, तिथे दम लागलेला दिसता कामा नये, म्हणून पद आणि नंतरची दोन वाक्यं एका दमात करायची सवय लावा.

यातलीच एक बारीक गोष्ट सांगते, जी क्लासात कुणी शिकवत नाही. पदाआधीचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गन हळूच सूर देतो. तो सूर कानात धरून वाक्य मात्र बोलण्याच्याच पट्टीत संपवायचं आणि पुढच्या क्षणी षड्ज किंवा पंचम, जिथून पद सुरू होतं तिथे, अचूक लागायचा. बऱ्याच जणी वाक्यच गाऊ लागतात, किंवा वाक्य संपवून दोन सेकंद सूर शोधत उभ्या राहतात. घरी हार्मोनियम किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून रोज दहा मिनिटं फक्त हेच करा. तबलजीकडे बघायची इशाऱ्याची जागाही आधीच ठरवा, कारण प्रयोगात ते पार विंगेच्या कडेला बसलेले असतात आणि तुमची पाठ त्यांच्याकडे असू शकते.

तालमीला पहिल्या आठवड्यापासून नऊवारी नेसून या. घट्ट कास्टा आणि कमरेला आवळलेली साडी असली की पोटातून श्वास घेणं वेगळंच होऊन बसतं, त्यात उठबस, झोपाळा, पायऱ्या. रंगीत तालमीला पहिल्यांदा साडी नेसणाऱ्या मुलीचा आवाज हमखास आखडतो. खोपा आणि दागिन्यांनी कान झाकले जातात हेही लक्षात ठेवा आणि स्टेजवर मॉनिटर कुठे ठेवणार हे साउंडवाल्यांना न लाजता विचारा. कॉलर माइक असला तर मंगळसूत्राचा आवाज त्यात खडखडतो, ते पिनेने बसवून घ्या.

शिकायला आणि शिरायला जागा आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, गोव्यात कला अकादमी. पण सगळ्यात उपयोगाची म्हणजे महाराष्ट्र राज्य संगीत नाट्य स्पर्धा. पुण्यातल्या भरत नाट्य संशोधन मंदिरासारख्या, रत्नागिरीच्या खल्वायनसारख्या संस्था संगीत नाटकं करत आल्यात आणि तिथे नवीन मुलींना मोठ्या भूमिका मिळू शकतात. व्यावसायिक नाटकात छोट्या कामासाठी दोन वर्षं ताटकळण्यापेक्षा स्पर्धेत एक अख्खी सुभद्रा करा, खूप शिकाल.

ज्यांनी हे आयुष्यभर केलं त्यांच्या वाटा बघा, एकीसारखी दुसरीची नाही. संगीत शाकुंतल 1880 मध्ये आलं तेव्हा स्त्रीपात्रं पुरुषच करायचे. पुढे हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या गायिका स्वतः स्टेजवर आल्या. ज्योत्स्नाबाई मूळ गोव्याच्या, 1942 च्या कुलवधूमधलं त्यांचं 'बोला अमृत बोला' ऐका, मास्टर कृष्णरावांची चाल आहे, गाताना आवाज बोलण्याच्या किती जवळ राहतो बघा. जयमाला शिलेदारांनी नवऱ्याबरोबर 1949 मध्ये मराठी रंगभूमी ही स्वतःची संस्था उभी केली, कंपनी बोलावेल याची वाट बघितली नाही, आणि मुलगी कीर्तीनेही तेच व्रत पुढे चालवलं. फैयाज 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना. आणि आशालता वाबगावकर 1964 ला मत्स्यगंधा करून पुढे हिंदी-मराठी सिनेमात गेल्या, तिथे मात्र त्या मुख्यतः चरित्र अभिनेत्री म्हणूनच दिसल्या, गाणं मागे राहिलं.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढे मनाला लागणार नाही. बोलपट सुरू झाले तेव्हा कॅमेऱ्यासमोर नटीच गायची, शांता आपटेंचा प्रभातचा कुंकू (1937) आजही बघा, गाणं आणि संताप एकाच चेहऱ्यावर आहेत. पण 1935 च्या सुमारास पार्श्वगायन आलं, हळूहळू चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा अशी विभागणी झाली. म्हणून आज सिनेमात 'मला गाताही येतं' एवढ्यावर काम मिळेल असं धरून चालू नका. अपवाद आहेत, 2016 ला मुंबईत आलेल्या मुघल-ए-आझमच्या म्युझिकलमध्ये प्रियांका बर्वे अनारकली होती आणि प्रयोगात लाइव्ह गायची, पण तेही स्टेजच.

कॅमेऱ्यासाठी वेगळी तयारी करा. स्टेजवर भुवई उचलली तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवी, क्लोजअपमध्ये तीच भुवई जास्त होते. गाण्याच्या सीनमध्ये ट्रॅक आधी रेकॉर्ड झालेला असतो, पण नुसते ओठ हलवू नका, खालच्या आवाजात खरंच गा, नाहीतर गळ्याच्या शिरा आणि श्वास जुळत नाहीत आणि ते लगेच कळतं. डबिंग शिकून घ्या, आवाजावर ताबा असलेल्या मुलींना ते लवकर जमतं आणि महिन्याचा खर्च निघतो. सिरियल घेताना मात्र बारा-तेरा तासांची शिफ्ट असते हे धरून, नाटकाच्या तारखा करारात आधीच लिहून घ्या. तोंडी 'अ‍ॅडजस्ट करू' म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

पैशाचंही स्पष्ट बोला. नाईट (एका प्रयोगाचं मानधन) किती, दौऱ्यात राहणं-जेवण कुणाचं, प्रयोग रद्द झाला तर काय, हे मेसेजवर लिहून घ्या. नुसत्या नाईटवर घर चालणं कठीण आहे म्हणून नाट्यसंगीताच्या मैफली, शिकवण्या, निवेदन हे जोडीला ठेवा, त्यात कमीपणा नाही.

गळा जपा. बसच्या प्रवासात इंजिनच्या आवाजावरून गप्पा मारणं सगळ्यात घातक, त्याखालोखाल घसा बसल्यावर कुजबुजणं, त्याने ताण कमी होत नाही. पाळीच्या आधी काहींचा आवाज जड होतो, तसा अनुभव असेल तर त्या दिवसांत तारसप्तकातल्या जागा थोड्या उतरवून घ्या, संगीत दिग्दर्शकाला आधी सांगा. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर काढे पीत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

ऑडिशनसाठी तीन क्लिप तयार ठेवा: एक पद त्याच्या आधीच्या संवादासकट, एक लावणी किंवा भावगीत, आणि एक गाणं नसलेला उतारा. एकाच टेकमध्ये, इफेक्ट न लावता, साध्या भिंतीसमोर. पहिली भूमिका निवडायची वेळ आली तर संगीत स्वयंवर नाटकातली रुक्मिणी नको, तिथे भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांची आठवण दोन्ही अंगावर येतात. सुभद्रा घ्या, पदं आटोपशीर आहेत, विनोद आहे, रुसवा आहे, आणि बोलायला समोर कुणीतरी सतत असतं.