जुनी वॅगन वाळूत नेताना
माझ्या जुन्या सुबारू वॅगनमध्ये फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद, लिव्हर ओढून लावावा लागतो; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावूच नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो.

वाळू दिसली की रुतायची वाट न बघता फोर-व्हील लावा, टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयवर आणा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं: टायर पसरतो, कमी रुततो. फक्त झटक्यात वळू नका, तो रिमवरून निसटू शकतो. चाक जागीच फिरू लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडा. मी एकदा दाबतच राहिलो आणि गाडी पोटावर बसली. दोन तास फावडं मारलं.

वॅगनची शेपटी लांब, त्यामुळे चर हळू आणि थोडा तिरपा ओलांडा, नाहीतर सायलेन्सर आपटतो. डांबरावर परतताच हवा भरा.