मेनशीट जड जाते? कप्पी वाढवण्याआधी हे तपासा

शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे दोर. एका अक्षराचा फरक, पण "शीट सोड!" असं ओरडलं की नवा क्रू आधी शिडाकडे बघतो. मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाच्या बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) आत-बाहेर करणारा दोर. बोटीवर हातातून न सुटणारा दोर हाच. खडकवासल्यावर दुपारी वारा चढला की दहा मिनिटांत हात भरून येतो, आणि मग पहिला विचार येतो तो आणखी एक कप्पी घालण्याचा.

बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. शीट जड जाते ती घर्षणामुळे, दोराच्या चुकीच्या कोनामुळे आणि किकर (बूम खाली ओढून धरणारा दोर) ढिला ठेवल्यामुळे. हे तिन्ही सुधारायला खर्च थोडा येतो. कप्पी वाढवली तर ओढणं किंचित हलकं होतं, पण दोर दीडपट लांब होतो आणि झोत आल्यावर बूम बाहेर जायला उशीर लागतो. डोंगरांमधल्या तलावावर वारा सरळ येत नाही, कधी या खिंडीतून तर कधी त्या खिंडीतून अंगावर येतो. अशा ठिकाणी शीट सुटायला किती वेळ लागतो, हे ओढायला किती जोर लागतो यापेक्षा महत्त्वाचं आहे.

इथले आकडे एंटरप्राइजसारख्या दोन माणसांच्या डिंगीचे (छोट्या शिडाच्या होडीचे) आहेत: लांबी ४.०४ मीटर, दोन्ही शिडं मिळून साडेदहा चौरस मीटर, शीट बूमच्या मधोमध आणि चार-एकच्या, म्हणजे हिशेबाने चार पट जोर देणाऱ्या कप्प्या. लेझर या एकट्याने चालवायच्या डिंगीवर मांडणी वेगळी असते, पण रॅचेट (एकाच दिशेने फिरणारं चाक) आणि क्लीट (दोर दातांत धरून ठेवणारी पकड) यांबद्दल जे लिहिलंय ते तिथेही लागू पडतं.

आधी मोजा

कप्प्यांचा सगळा संच बोटीवरून काढा आणि शेडच्या तुळईला उलटा टांगा. बोटीच्या तळाशी असणारा ब्लॉक (चाकं बसवलेली कप्पी) वर, बूमचा ब्लॉक खाली. खालच्या ब्लॉकला पाण्याचा भरलेला २० लिटरचा जार अडकवा. जार आणि दोरी मिळून वजन २१ किलोच्या आसपास भरेल, म्हणून २० किलो भरेपर्यंत पाणी काढा. रॅचेट बंद ठेवा. दोराच्या मोकळ्या टोकाला बॅगा तोलायचा हुकाचा काटा लावा आणि जार सावकाश, एकसारखा वर ओढत काटा वाचा. मग तसाच सावकाश खाली सोडत पुन्हा वाचा.

घर्षण नसतं तर दोन्ही वेळा ५ किलो दिसले असते. चांगल्या बॉलबेअरिंगच्या कप्प्यांवर ओढताना साधारण ५.४ आणि सोडताना ४.६ येतात. साध्या बुशच्या (बॉलबेअरिंग नसलेल्या), थोड्या झिजलेल्या कप्प्यांवर ओढताना ६.५ आणि सोडताना ३.८. दुसरा आकडा बघायला बरेच जण विसरतात. सोडताना काटा जितका कमी दाखवतो, तितकी मंद वाऱ्यात बूम आपणहून बाहेर जात नाही. हाताने ढकलावी लागते.

आता कप्पी वाढवण्याचा हिशेब बघा. प्रत्येक चाकावर दहा टक्के ताण वाया जातो असं धरलं, तर चार-एकच्या संचातून प्रत्यक्षात ३.१ पट जोर मिळतो. त्याच दर्जाच्या कप्प्यांचा सहा-एक केला तर ४.२ पट. आणि चार-एकच ठेवून चाकं बॉलबेअरिंगची केली, म्हणजे नुकसान तीन टक्क्यांवर आणलं, तर ३.७ पट. म्हणजे निम्म्याहून जास्त फायदा एक इंचही दोर न वाढवता पदरात पडतो. सहा-एकमध्ये कप्प्यांमधलं अंतर एक मीटरने वाढायला सहा मीटर दोर हातातून जावा लागतो. बोट कलत असताना सहा मीटर फार होतात.

कप्प्यांची सफाई

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की काठावर बारीक गाळ उघडा पडतो. बोट त्यातूनच ढकलत न्यावी लागते, दोर गाळात लोळतो, आणि तो गाळ दोराबरोबर कप्पीत जातो. समुद्रावर मीठ जे करतं ते इथे गाळ करतो. कप्पी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांत बुडवून चाक बोटाने फिरवत राहा, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत. मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. हे घरी करा. खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळाला येतं, त्यात साबण आणि स्प्रे मिसळायला नको.

बॉलबेअरिंगला ग्रीस किंवा शिलाई मशीनचं तेल लावू नका. पहिले दोन दिवस चाक सुरेख फिरतं, नंतर तेलात धूळ बसून त्याचा लगदा होतो. लावायचंच असेल तर कोरडा टेफ्लॉन स्प्रे, तोही कप्पी पूर्ण वाळल्यावर. चाक बाजूला ओढून बघा. ते कप्पीच्या गालाला (बाजूच्या भिंतीला) घासत असेल किंवा खिळ्यावर लटपटत असेल, तर धुऊन उपयोग नाही, कप्पी बदला.

शॅकल (ब्लॉक अडकवायची कडी), एम५ बोल्ट, नायलॉक नट, मोठे वायसर रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जातात. जाताना चुंबक खिशात ठेवा. बोल्टला ते घट्ट चिकटलं, तर तो ३०४ किंवा ३१६ नाही, दुकानदार काहीही म्हणो. कप्पी मात्र तिथली घेऊ नका. विहिरीच्या किंवा कपडे वाळत घालायच्या कप्पीत चाक आणि गाल यांच्यात फट असते. ताण आला की दोर चाकावरून उतरून त्या फटीत अडकतो, आणि तो नेमका जोराच्या झोतात अडकतो.

दोर ओवणं

चार-एकसाठी वर दोन चाकांचा ब्लॉक आणि खाली दोन चाकांचा, ज्याला दोराचं टोक बांधायला कडी आहे असा. क्रम असा: खालची कडी, वरचं पहिलं चाक, खालचं साधं चाक, वरचं दुसरं चाक, शेवटी खालचं रॅचेट, तिथून हातात. ओवून झाल्यावर बूम मधोमध धरून समोरून बघा. चारही दोर एकमेकांना न घासता दिसले पाहिजेत. घासत असतील तर वरचा ब्लॉक शॅकलमध्ये पाव वळसा फिरवून लावा.

दोराला पीळ पडला असेल तर तो पूर्ण बाहेर काढा, एक टोक धरून मोकळा लोंबू द्या आणि पीळ आपोआप सुटू द्या. रोज एकाच बाजूने वेटोळं घातलं की हा पीळ पडतो. पिळलेला दोर ब्लॉकच्या तोंडाशी गोळा होतो, आणि शीट "अडली" असं वाटतं.

जाडी ८ मिमी पुरे. हाताला बरा म्हणून १० मिमीचा दोर घेतात, पण तो लहान चाकाच्या खाचेत नीट बसत नाही, भिजला की जड होतो आणि मंद वाऱ्यात बूमला आत खेचून धरतो. हात सोलवटत असतील तर हातमोजे घाला, दोर जाड करू नका.

लांबीसाठी बोट जमिनीवर ठेवून बूम डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेपर्यंत बाहेर ढकला आणि वरच्या-खालच्या ब्लॉकमधलं अंतर मोजा. ते १.८ मीटर भरलं तर चार पट म्हणजे ७.२, अधिक हातासाठी दोन मीटर. एकूण ९.२, गाठींसकट ९.५ मीटर दोर कापा. टोकाला आठाची गाठ मारा, नाहीतर हातातून सुटलेला दोर सगळ्या कप्प्यांतून निसटून बाहेर येतो. कापायच्या आधी कापायच्या जागी टेप गुंडाळा, मग कापून टोक वितळवा. जास्तीचे दोन मीटर "असू दे" म्हणून ठेवले, तर ते पायात येतात.

रॅचेट

रॅचेटचं चाक एकाच दिशेने फिरतं. दोर आत ओढताना टिकटिक आवाज यायला हवा, सोडताना चाकाने दोर धरून ठेवायला हवा. टिकटिक सोडताना येत असेल तर दोर उलटा ओवलाय. ही चूक इतकी नेहमीची आहे की रॅचेट बिघडलं असं ठरवण्याआधी हेच बघा.

दोर चाकाला किती वेढतो यावर रॅचेटची पकड ठरते. ९० अंशांचा वेढा असेल तर ते कसंबसं धरतं. १३५ अंशांच्या पुढे गेलात की हातावरचा भार लक्षात येण्याइतका उतरतो. क्लीटचा दांडा थोडा वर उचलला की दोर चाकावरून वर वळून बाहेर येतो आणि वेढा वाढतो. मंद वाऱ्यात मात्र रॅचेट बंद करा, नाहीतर दोर सुटत नाही. चाकाच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील तर कोन कितीही सुधारा, पकड येणार नाही.

क्लीटचा कोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बोट ट्रॉलीवर सरळ ठेवा, बाजूच्या डेकवर बसा, पाय टो-स्ट्रॅपमध्ये अडकवा आणि पाठ बाहेर टाका. शीट छातीशी धरा, जशी पाण्यात धराल तशीच. या स्थितीत ताणलेला दोर क्लीटच्या दातांच्या बोटभर वरून जायला हवा. हात खाली दाबला की दोर दातांत बसला पाहिजे, किंचित आत ओढून वर झटकला की सुटला पाहिजे.

क्लीट जास्त वर असेल तर ओढता ओढता दोर आपोआप अडकतो आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. झोत आला, हात सोडला, शीट तिथेच, बोट पालथी. क्लीट फार खाली असेल तर दोर अडकवायला दरवेळी आत वाकावं लागतं, आणि वाकलं की बोट कलते. पहिली चूक जास्त धोक्याची, म्हणून शंका असेल तेव्हा क्लीट खाली ठेवा.

दांड्याच्या सांध्याचा बोल्ट ढिला करून कोन बदलता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर क्लीटखाली पाचर घाला. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये डेल्रिन प्लास्टिकच्या तुकड्यातून ती करून मिळते. मोठ्या क्लीटच्या दोन भोकांमधलं अंतर ३८ मिमी असतं, लहान क्लीटचं २७. पाचर करायला टाकण्याआधी मोजून घ्या. स्क्रू कसताना घाई नको. खालची जागा सपाट नसली आणि स्क्रू गच्च आवळले, तर क्लीटचा तळ वाकतो आणि दात स्प्रिंगने परत यायचे थांबतात. प्रत्येक पाव फेरीनंतर दोन्ही दात अंगठ्याने उघडून सोडा. दोन्ही एकाच वेळी टचकन मिटले पाहिजेत. एक जरी रेंगाळला तर स्क्रू किंचित ढिला करा.

झोतात क्लीटमधून शीट सुटत नाही अशी तक्रार असते. ताणलेला दोर नुसता वर झटकला तर दात तो सोडत नाहीत. आधी दोन बोटं आत ओढा, मग वर झटका. क्रूलाही हे जमिनीवर वीस वेळा करायला लावा.

तळाचा पाया

मेनशीटचा तळ सतत वर ओढला जातो, म्हणून तिथे लाकडात घालायचे स्क्रू चालत नाहीत. एम५ बोल्ट आरपार हवेत, खाली १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा, मोठे वायसर आणि नायलॉक नट. भोक पाडण्याआधी फायबरवर टेप लावा, आणि भोकाची वरची कड किंचित खोलगट करा, म्हणजे कसताना वरच्या थराला तडे जात नाहीत. भोकात सीलंट भरूनच बोल्ट घाला. फायबरच्या आत लाकूड असेल तर पावसाळ्यात ते याच भोकातून कुजायला लागतं.

बूमवरचा ब्लॉक रिव्हेटच्या कडीऐवजी ४ मिमी डायनीमा दोराच्या तीन फेऱ्यांच्या फासाने बांधला तर तो पुढे-मागे सरकवता येतो. ब्लॉक खालच्या ब्लॉकच्या बरोबर वर यावा. तो पुढे गेला तर शीट तिरकी ओढते आणि भार वाढतो. शीट बूमच्या टोकाऐवजी मधोमध असेल तर तेवढ्याच कामाला दुप्पट जोर लागतो, हेही लक्षात ठेवा. बोट कॉकपिटच्या मधून हाताळायला सोपी जाते, त्याची ही किंमत आहे.

किकर

एवढं सगळं करूनही शीट जड वाटली तर किकर बघा. तो ढिला असला की बूम वर उचलली जाते, आणि तिला खाली ओढून धरायचं कामही मेनशीटवर येतं. वारा चढल्यावर शीट आत घ्या, मग त्या स्थितीत किकरमधली ढिलाई ओढून घ्या आणि पक्का करा. आता शीट सोडली की बूम वर न जाता सरळ बाहेर जाईल, आणि हाताला फक्त आडवा ओढा राहील. वाऱ्याबरोबर जायची वेळ आली की किकर पुन्हा थोडा सोडा, नाहीतर बोट कलल्यावर बूमचं टोक पाण्यात घासतं.

पहिल्या दिवशी काठापासून फार लांब जाऊ नका आणि धरणाच्या भिंतीकडे तर नकोच. वारा पुढून तिरका येईल अशी बोट हाका, शीट पूर्ण आत घ्या, क्लीटमध्ये अडकवा, आणि मग एका झटक्यात सोडून बूम न अडता बाहेर जाते का बघा. दोन्ही बाजूंना, पाच-पाच वेळा. एकदाही अडली तर बोट काठाला आणून क्लीटचा कोन पुन्हा लावा, आणि जमला की दांड्यावर त्या जागी पर्मनंट मार्करने रेघ मारून ठेवा.